मांडव नाचायला उठला पाहिजे: नव्या ऑर्केस्ट्रासाठी गाण्यांची यादी कशी बांधायची

विदर्भातल्या खेड्यांत दर उन्हाळ्यात नवे ऑर्केस्ट्रे उभे राहतात. एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा विजेचा ड्रम), एक ढोलक, दोन-तीन गाणारे आणि कुणाच्या तरी भावाची पिकअप. पोरं तयारीची असतात, महिनोन्‌महिने तालीम करतात. तरी पहिल्या काही लग्नांत बऱ्याच जणांचं असं होतं की स्टेजवर गाणं रंगात येतं आणि समोरची बिछायत रिकामीच राहते. त्यात वाजवण्याचा दोष क्वचितच असतो. बिघडलेली असते ती यादी.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात लग्न, हळद, गणपती, दुर्गादेवी आणि भीमजयंतीचे कार्यक्रम वाजवता वाजवता यादीबद्दल जे कळलं, ते इथे क्रमाने देतो. सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे. पोट्टे कशावरही नाचतात, त्यांच्यासाठी यादी लागत नाही. घरच्या बाया उठल्या की मांडव उठतो. मामी, आत्या, वहिनी आणि नवरदेवाची आई ज्या गाण्यावर पदर खोचून पुढे येतात, ती गाणी आधी शोधायची आणि बाकीची यादी त्यांच्याभोवती बांधायची.

आधी हे जवळ असू द्या

- एक जाड वही. प्रत्येक गाण्यापुढे पट्टी (कोणत्या सुरात म्हणायचं), ठेका, लय आणि कुठून कुठपर्यंत वाजवायचं ते लिहिलेलं.
- मोबाईलमध्ये मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक देणारं, कुठलंही फुकट अ‍ॅप.
- त्या रात्रीचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद, प्रत्येक वाजवणाऱ्यासमोर एक, चिमट्याने लावलेला. मे महिन्यातल्या वावटळीत सुटा कागद टिकत नाही.
- कीबोर्डसाठी छोटा यूपीएस. लाईन गेली की जनरेटर लागेपर्यंत कीबोर्ड बंद होतो, परत सुरू होऊन सेटिंग लावेपर्यंत नाचणारे पाणी प्यायला निघून जातात.
- सुपारीचा, म्हणजे कार्यक्रम ठरल्याचा, कागद: तारीख, गाव, सुरू आणि बंद करायची वेळ, ठरलेली रक्कम, मिळालेला बयाणा, दोघांच्या सह्या.
- लाउडस्पीकरच्या परवानगीची झेरॉक्स. परवानगी आयोजकाने काढायची असली तरी झेरॉक्स तुमच्या खिशात हवी.

1. सुपारी घेतानाच विचारून घ्या

सुपारी द्यायला येतो तो बहुतेक नवरदेवाचा काका किंवा मोठा भाऊ. तो एवढंच सांगतो, "एकदम दणक्यात पाहिजे भाऊ, पैशाची काळजी करू नका." यातून यादीला काहीच मिळत नाही. त्याला चहा पाजा आणि म्हणा, घरात वहिनी असतील तर जरा फोन द्या. मग वहिनींना सरळ विचारा, "तुमच्या घरी हळदीला बाया कोणत्या गाण्यावर नाचतात जी?"

त्या आधी लाजतील, मग मागून कुणीतरी ओरडून एक गाणं सांगेल, मग दोघी-तिघी हसतील आणि आणखी दोन गाणी येतील. ही दोन-तीन गाणी वहीत पहिल्या पानावर लिहा. त्या घरात ती आधी नाचून झालेली आहेत, त्यांच्या पायऱ्या पाठ आहेत, कोण कुणाला ओढून आणणार हेही ठरलेलं आहे. इतका भरवसा तुम्हाला इंटरनेटवरची कोणतीही यादी देणार नाही.

याशिवाय पुढच्या गोष्टी विचारा. वरात कोणत्या गावाहून येणार? जेवण किती वाजता बसणार? बायांची बसायची जागा स्टेजच्या कोणत्या बाजूला? गावात किंवा शेजारी इतक्यात कुणाचं काही दुःखाचं झालं आहे का? हा शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. समोरच्या घरी तेरवी व्हायची असेल तर आवाज, वेळ आणि गाणी, तिन्ही बदलावी लागतात, आणि हे सांगायचं घरच्यांच्या लक्षात राहतंच असं नाही.

2. गावाची भाषा ओळखा

एकच यादी घेऊन सगळा विदर्भ वाजवता येत नाही. आपल्याकडे तालुका बदलला की नाचायचं गाणं बदलतं.

पुसद, दिग्रस, मानोरा भागात तांड्यावरचं लग्न असेल तर बंजारा गाण्याशिवाय रात्र पुरी होत नाही. बंजारा समाजाचं तीर्थस्थान पोहरादेवी याच मुलखात आहे. लेंगीचा, म्हणजे बंजारा होळीगीतांचा, ठेका इथल्या लहान पोरांच्याही पायात असतो. पांढरकवडा, झरी-जामणीकडे गोंड आणि कोलाम वस्ती. गडचिरोलीत रेला (आदिवासींचा समूहनाच) म्हटलं की हात हातात धरून रांग लागते, तिथे स्टेजसमोर गोल फिरायला जागा सोडावी लागते. सिरोंचा आणि तेलंगणाच्या सीमेवरच्या गावांत तेलुगू गाणं मागतात. गोंदियाच्या सालेकसा, देवरीकडे छत्तीसगढी ठेका चालतो, आणि त्याच जिल्ह्यात पोवारी बोलणारी घरंही भरपूर. मेळघाटात धारणीला गेलात तर कोरकू.

म्हणून सगळ्या भाषांतली गाणी पाठ करत बसायचं काही कारण नाही. जिथे जाणार तिथल्या भाषेतलं एक गाणं नीट बसवा. शब्द त्याच समाजातल्या माणसाकडून तपासून घ्या, कारण चुकीचा उच्चार लोकांना लगेच कळतो आणि तो अपमान वाटू शकतो. शब्द जमत नसतील तर तुम्ही ठेका आणि धून धरा आणि घरातल्या कुणाला तरी माईक द्या. तांड्यावरच्या एखाद्या याडीने (आईने) दोन ओळी म्हटल्या की तुमच्या गायकाने पूर्ण गाणं म्हणण्यापेक्षा जास्त माणसं उठतात.

3. आईच्या वयावरून गाणी काढा

माणूस आयुष्यभर नाचतो ते बहुतेक त्याच्या पंधरा ते पंचवीस वयातल्या गाण्यांवर. नवरदेवाची आई आज पन्नाशीची असेल तर तिचं लग्न 1990 च्या दशकातलं. तेव्हा वरातीच्या बँडने जे वाजवलं, गावातल्या टेपवर ज्या कॅसेट घासल्या गेल्या, ती तिची गाणी. आजी पंचाहत्तरीची असेल तर अजून मागे जा. वरातीत आजही वाजणारं 'बहारों फूल बरसाओ' 1966 सालचं आहे, आणि ते सुरू झालं की खुर्चीवर बसलेल्या आजीचे ओठ हलायला लागतात.

एका रात्रीसाठी साधारण चाळीस गाणी तयार ठेवा, वाजतील वीस. त्यांची वाटणी मी अशी करतो: निम्मी आई-मामी-काकूंच्या काळातली, पाव हिस्सा सगळ्या वयांना चालणारी मराठी, उरलेल्यात पोरांची नवी आणि आजी-आजोबांची जुनी.

नव्या गाण्यांबद्दल एक सांगतो, कारण नवे ऑर्केस्ट्रे इथेच फसतात. रीलवर गाजलेलं गाणं लोकांना पंधरा-वीस सेकंदच माहीत असतं. तुम्ही हौसेने पूर्ण बसवलं की मुखड्यावर मांडव उसळतो आणि पहिल्या अंतऱ्याला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. अशा गाण्याचा फक्त ओळखीचा तुकडा घ्या, दोनदा वाजवा आणि लगेच दुसऱ्या गाण्यात शिरा. चार रीलचे चार तुकडे एका ठेक्यावर जोडले की पोरांचं मनही भरतं आणि मोठ्यांनाही फार वेळ थांबावं लागत नाही.

4. प्रत्येक गाणं चार कसोट्यांवर घासून बघा

*ठेका.* ढोलकवाल्याने आठ मात्रांचा केहरवा धरला की बहुतेक सगळ्यांना नाचता येतं. सहा मात्रांचा झुलता ठेकाही चालतो, पण दोन्ही प्रकार सारखे आलटून पालटून वाजवू नका. पायांना नवा ठेका धरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात कडेची माणसं बसून जातात. केहरव्याची चार-पाच गाणी सलग, मग एक मोकळा श्वास, मग झुलत्या ठेक्याची दोन-तीन.

*लय.* घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. शंभरच्या आसपास असेल तर साडी नेसलेली बाई आरामात नाचते. एकशेवीस ते एकशेतीसला मांडव पेटतो. एकशेचाळीसच्या वर गेलात की पोट्टे उरतात आणि बाकीचे घाम पुसत खुर्च्या शोधतात. स्टेजवर जोशात लय आपोआप वाढते, म्हणून ऑक्टोपॅडवाल्याच्या कानात मेट्रोनोम असलेला बरा.

*पट्टी.* सिनेमातलं गाणं सिनेमाच्या पट्टीत म्हणायचा हट्ट सोडा. आपल्याकडच्या पुरुष गायकांना साधारण काळी एक-दोन (पेटीवरची पहिली-दुसरी काळी पट्टी) झेपते, बायांना काळी चार-पाच. गायकाला तिसऱ्या तासालाही जी पट्टी सहज निघेल ती ठरवा आणि वहीत लिहा. कीबोर्डवरचं पट्टी बदलायचं ट्रान्सपोज बटण दाबून काम होतं, पण बेस गिटारवाल्याला आधी सांगा. ढोलकही त्या सुरात लावून घ्यावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कातडं ताणतं आणि सूर चढतो, गणपतीच्या पावसात तेच कातडं सैल पडतं. कार्यक्रमाच्या जागी पोहोचल्यावर अर्धा तास ढोलक तिथल्या हवेत राहू द्या, मगच सूर लावा.

*लांबी.* मूळ गाणं पाच मिनिटांचं असेल तर तुमचं तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे. सुरुवातीचं लांबलचक म्युझिक कापा. पहिल्या चार मात्रांत गाणं ओळखू आलं पाहिजे, कारण माणूस उठायचं की नाही ते तेवढ्यातच ठरवतो. दुसरा अंतरा बहुतेक वेळा लागतच नाही.

आवाजाबद्दल एक उदाहरण देतो. नागीन डान्स ज्या धुनेवर होतो ती 1954 च्या 'नागिन'मधली, संगीत हेमंतकुमारांचं. ती बीन खरी बीन नव्हती. कल्याणजी-आनंदजी जोडीतल्या कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती. म्हणजे कीबोर्डवाल्याला तो आवाज कीबोर्डवरच सापडतो. लीड सिंथचा टोकदार आवाज घ्या, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्यासाठी पोर्टामेंटो चालू करा, पिच व्हीलने (सूर वर-खाली करायच्या चाकाने) शेवट हलवा. हे नीट बसलं की रुमाल तोंडात धरणारा एक काका प्रत्येक लग्नात निघतोच, आणि त्याच्याभोवती गोल आपोआप होतो.

5. रात्रीचा क्रम दहा वाजल्यापासून उलटा लावा

रात्री दहाला आवाज बंद करायचा आहे, हे धरूनच कागद लिहा. उन्हाळ्यातल्या लग्नात सूर्य मावळेपर्यंत कुणी मांडवात फिरकत नाही. साडेसातला आहेर आणि फोटो, आठला पंगत किंवा बुफे. नाचायला मोकळी माणसं मिळतात ती पावणेनऊ ते दहा. तुमचा खरा कार्यक्रम हाच सवा तास. चांगली गाणी सातला वाजवून संपवणारे ऑर्केस्ट्रे मी बरेच पाहिले आहेत.

सात ते साडेआठ: मंद, ओळखीची गाणी. लोक जेवतात, बोलतात, पाहुणे भेटतात. आवाज इतका ठेवा की व्याह्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू आलं पाहिजे. गावात तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ असेल तर संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेच्या वेळेला साउंड चेक करू नका, आधी विचारून घ्या. खेड्यात तुमच्याबद्दलचं पहिलं मत तिथेच बनतं.

पावणेनऊ: लहान मुलं. एक मुलांचं गाणं वाजवा, ती पळत येतातच. त्यांना सांभाळायला आया पुढे येतात. आता लगेच वहिनींनी फोनवर सांगितलेलं गाणं. मधे बोलू नका, मुलांचं गाणं ज्या ठेक्यावर संपलं त्याच ठेक्यावर पुढचं उचला. मुलाचा हात धरून उभी असलेली बाई मग परत बसायला जात नाही. एवढा एक जोड नीट साधला की पुढचा तास सोपा जातो, म्हणून तालमीत याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला.

नऊ ते साडेनऊ: आई-मामींच्या काळातली सलग गाणी. नवरदेव-नवरीला याच वेळेत पुढे बोलवा, आधी बोलावलंत तर ती दोघं अवघडून उभी राहतात. बायांचा गोल झाला की स्टेजवरून पोट्ट्यांना प्रेमाने सांगा, "भाऊ, ताईंना जागा द्या, तुमचा नंबर लावतो." आणि तो खरंच लावा.

साडेनऊ ते दहा: आता सगळ्यांचं. 'झिंगाट'सारखं गाणं इथेच. 2016 पासून आजवर त्यावर न उठलेला मांडव मला माहीत नाही, आणि म्हणूनच ते दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला वाजवायचं नाही. ते एकदा झालं की पुढची चार गाणी फिकी वाटतात. दहाला पाच कमी असताना शेवटचं गाणं, सगळे एका सुरात म्हणतील असं.

6. चिठ्ठ्या आणि फर्माईशी

फर्माईश आली की नाही म्हणू नका, पण हातातली चालू साखळीही तोडू नका. चिठ्ठी घ्या, नाव वाचा, "दोन गाण्यांनंतर लावतो दादा" म्हणा. शंभराची नोट देऊन तेच गाणं चौथ्यांदा मागणारा एकजण असतोच. त्याला आयोजकाकडे पाठवा. नोटेच्या मागे लागलेला ऑर्केस्ट्रा चार माणसांचा होऊन बसतो आणि बाकीचा मांडव घरी जातो.

काही गाणी कोणी कितीही मागितली तरी टाळा. एका जातीचा गौरव करताना दुसरीला खाली दाखवणारी, तलवार-कोयत्याची भाषा करणारी, आणि बायाबापड्यांना मान खाली घालायला लावणारी दुहेरी अर्थाची. गावात सगळ्या वस्त्या एकाच मांडवात बसलेल्या असतात. एका गाण्यावरून सुरू झालेलं भांडण दुसऱ्या दिवशी शेताच्या धुऱ्यापर्यंत जातं. "हे आमच्याकडे बसवलेलं नाही" एवढं म्हणा आणि पुढचं गाणं उचला.

7. लग्नापेक्षा वेगळे कार्यक्रम

14 एप्रिलची यादी पूर्ण वेगळी करा. भीमगीतांची परंपरा फार मोठी आहे, वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी ती उभी केली. त्यात नाचत मिरवणुकीत म्हणायची गाणी आहेत आणि उभं राहून ऐकायचीही आहेत. कोणतं कोणत्या जागी, हे वस्तीतल्या जाणत्या माणसाला विचारूनच ठरवा. त्या रात्री मधेच सिनेमाचं आयटम गाणं घुसवू नका. लोक त्या गाण्यांवर मनापासून नाचतात, त्यांच्यासाठी तो दिवस मनोरंजनाहून मोठा आहे.

दुर्गादेवीला गरब्याचा गोल लागतो, म्हणजे एका लयीत सलग वीस-पंचवीस मिनिटं. ढोलकवाल्याला जोडीदार ठेवा. गणपतीत मंडळाची पोरं नाचतात आणि घरची माणसं बघतात, तिथे पोरांचा वाटा वाढवा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि नाटकांचा हंगाम असतो. तिथला प्रेक्षक रात्रभर जिवंत गाणं ऐकायला बसतो, त्यामुळे ट्रॅक लावून ओठ हलवलेले त्याला पहिल्या मिनिटाला कळतात.

8. परवानगी आणि कायदा

लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम 2000 चा नियम. सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. घरचं लग्न त्यात आपोआप बसत नाही. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, तेव्हा मांडवाची जागा आधी बघून या.

गाण्यांच्या हक्कांबद्दल नवी पोरं घाबरतात. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये धार्मिक विधीसाठी सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यातच धरले आहेत. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. तिकीट लावून केलेला किंवा हॉटेलने धंद्यासाठी ठेवलेला कार्यक्रम मात्र वेगळा. तिथे आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचं) लायसन्स कोण काढणार हे सुपारीच्या कागदावर लिहून घ्या.

9. सामान भरायच्या आधी वही उघडा

कार्यक्रम संपला की केबल गुंडाळायच्या आधी दहा मिनिटं सगळे एकत्र बसा. प्रत्येक गाण्यापुढे खूण करा: बाया उठल्या, फक्त पोरं उठली, कोणीच नाही. गावाचं नाव आणि तारीख टाका. ढोलकवाल्याचं म्हणणं आधी ऐका, तो पूर्ण वेळ नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत असतो, गायकाचं लक्ष गाण्यात असतं. जे गाणं तीन वेगवेगळ्या गावांत कोणालाच उठवू शकलं नाही ते काढून टाका, तुम्हाला कितीही आवडत असलं तरी. त्याच्या जागी पुढच्या सुपारीच्या वहिनींनी सांगितलेलं गाणं बसवायला घ्या.